उचल देण्याआधी तिचं वय विचारा

प्रति,
राज्यातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखान्यांचे अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
तसेच मा. साखर आयुक्त, साखर संकुल, पुणे

स. न. वि. वि.

"आमचा करार मुकादमाशी आहे. मजूर आमचे नाहीत, त्यांच्या पोरीबाळींचं आम्हाला काय विचारता?"

मुकादमांशी, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पुरवणाऱ्या ठेकेदारांशी, करार करायला आमच्याकडे आलेल्या एका कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यानं परवा मला हे उत्तर दिलं. माझा प्रश्न साधा होता. करारात बाईचं वय लिहायचं का, एवढंच मी विचारलं होतं, कारण याच करारापायी आमच्या पोरींची लग्नं अठराच्या आत लागतात. साहेब चिडले नाहीत, आवाजही चढवला नाही. ते त्यांना खरंच तसंच वाटत होतं. तुमच्यापैकी बहुतेकांनाही तसंच वाटत असणार, म्हणून हे पत्र त्यांच्या एकट्याच्या नावानं न धाडता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीच्या समोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. एरवी उत्पन्नाचे दाखले, पीकविम्याचे अर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म चालतात. पोळा झाला की मुकादम यायला लागतात. मग दसऱ्यापर्यंत दुकानात दुसरं काम नसतं. मुकादमाचा कारखान्याशी करार, मजुरांचा मुकादमाशी करार, उचलीची म्हणजे आगाऊ मजुरीची पावती, हमीपत्र. पाचशेचा मुद्रांक, शेजारच्या टपरीत नोटरी. माझे आईवडील याच करारांवर अंगठे उठवून साताऱ्या-सांगलीकडे ऊस तोडायला जायचे. थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणते, ती आजही जाते. म्हणजे हा कागद मला टायपिंगच्या आधीपासून ओळखीचा आहे.

त्या कागदात काय असतं ते तुमच्यापैकी किती जणांनी वाचलं आहे, मला माहीत नाही. कागद तुमच्यासमोर येतो तो टोळीच्या क्रमांकाच्या रूपात. म्हणून सांगते. सुरुवातीला नवऱ्याचं नाव, त्याच्यापुढे "सौ." लावून बायकोचं नाव, आणि दोघांच्या पुढे "वय सज्ञान, धंदा मजुरी". ही ओळ आम्ही टाइप करत नाही. ती मसुद्यात आधीपासूनच असते, वर्षानुवर्षं तीच फाइल उघडून फक्त नावं बदलायची. समोरच्या बाकावर बसलेली पोर पंधराची असो की पस्तिशीची, कागदावर ती सज्ञानच. तिच्या पायातलं जोडवं नवं आहे, हळद अजून नखातून गेलेली नाही, हातात मोबाइल आहे आणि त्यात ती शाळेतल्या मैत्रिणींचे फोटो बघते आहे. नवरा म्हणवणारा मुलगाही कुठं एकवीसचा दिसतो? मुकादम घाई करतो, "ताई, लवकर उरका, अजून चार कोयते आहेत." मग पैसे मोजले जातात. तिचा अंगठा किंवा सही होते. सही छान असते बरं का. आठवी-नववीपर्यंत शिकलेल्या मुलीची असते ती तशी.

ऊसपट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. उचल पूर्ण कोयत्याला मिळते, आणि आता ती जोडीमागे लाखाच्या घरात जाते. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला घरच्यांनी "यंदा स्वतःचा कोयता कर" म्हटलं की त्याचा अर्थ एकच असतो: बायको आण. लग्नाचा खर्च त्याच उचलीतून निघतो. तीच उचल दोघं मिळून सहा महिने फेडतात, फिटली नाही तर पुढच्या साली पुन्हा जातात. म्हणजे तुमचा पैसा मुकादमाच्या हातातून येतो तो थेट मांडवात. ही तुमची इच्छा नसेल, मी मानते. पण रचना तुमची आहे, कारण जोडीला उचल द्यायची हे ठरतं ते कारखान्याच्या दारात, आमच्या वस्तीवर नाही.

आईबापांना दोष देणं फार सोपं आहे. "अडाणी लोक, पोरींची लग्नं लवकर करतात" असं म्हणून भाषणं संपवता येतात. अक्काचं लग्न झालं तेव्हा ती नववीत होती, वय पंधरा. आमचा बाप अडाणी होता, पण मूर्ख नव्हता. त्याच्यापुढं दोन रस्ते होते. वयात आलेली पोर गावात म्हाताऱ्या आजीजवळ सहा महिने ठेवायची, किंवा फडात कोपीवर न्यायची. मी धाकटी होते, मला आजीजवळ ठेवलं, म्हणून मी शिकले. अक्काच्या बाबतीत वस्तीवर काहीतरी कुजबूज झाली, कुणाचं नाव कुणाशी जोडलं गेलं, आणि आठ दिवसांत सोयरीक ठरली. त्या साली दसऱ्यानंतर ती सासरच्या टोळीबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसली, दप्तर आमच्या माळ्यावर राहिलं. आज तिची मुलगी सातवीत आहे. गेल्या साली अक्काची सासू वारली. परवा ती दुकानात येऊन बसली आणि म्हणाली, "सांग, पोरीला कुणाच्या जिवावर ठिवू?" मी तिला माझ्याकडे ठेव म्हटलं आहे. पण प्रत्येक अक्काला तालुक्याच्या गावात बहीण नसते.

कोपीवर न्यायचं म्हणजे काय, तेही सांगायला हवं, कारण तुमची गाडी फडापर्यंत येते ती गव्हाणीत ऊस कमी पडला तरच. पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी, आत वाकूनच शिरायचं. मायबाप पहाटे तीन-चारला निघतात. मागं दहा-बारा वर्षांची पोर राहते. पाणी आणणं, भाकरी थापणं, झोळीतलं धाकटं सांभाळणं, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधून विकणं, आणि गाडी भरायची घाई असली की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढणं. आंघोळ दिवस उजाडायच्या आत, दोन साड्यांच्या आडोशाला. संडासला उसातच जायचं, तेही कुणीतरी सोबत असेल तर. पाळी आली की काय करायचं हे मी इथे लिहीत नाही. तुमच्या घरातल्या बायकांना विचारा, अशा जागी सहा महिने कसे काढाल म्हणून. माझ्या ओळखीत असा बाप नाही की ज्याला हे दिसत नाही. त्याला ते दिसतं, म्हणूनच तो लग्न लावून देतो. लग्न म्हणजे त्याच्या दृष्टीनं राखण.

आता तुमच्या उत्तराकडे येते, "मजूर आमचे नाहीत."

उसाचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, तुम्ही दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत काढता. एफआरपीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या किमान ऊसदराचा, पाया १०.२५ टक्के उताऱ्यावर ठरला की ०.१ साठी तुम्ही दिल्लीपर्यंत भांडता. कोणत्या गटातला, कोणत्या तारखेच्या लागणीचा ऊस कधी तोडायचा याची नोंद तुमच्याकडे असते. चिटबॉय रोज फडात येतो, टोळीला चिठ्ठी देतो, गाडी किती वाजता भरली ते लिहितो. वजनकाट्यावर किलोचा हिशेब होतो. एवढं सगळं मोजणाऱ्या माणसांना फडात किती लेकरं आहेत, त्यातल्या किती मुली, त्यांचं वय काय, शाळा कुठली, हे मात्र मोजता येत नाही. हे न जमण्यासारखं काम आहे असं मी तरी मानत नाही. विचारायचंच नाही असं ठरलेलं आहे. एकदा नोंद झाली की "आमचे नाहीत" म्हणणं अवघड जाईल, ही खरी अडचण आहे.

ज्यांना आकड्यांशिवाय पटत नाही त्यांच्यासाठी थोडे आकडे, आणि ते माझे नाहीत, सरकारचेच आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठरा पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्या देशात २३.३ टक्के निघाल्या, महाराष्ट्रात २१.९. परभणीत हाच आकडा ४८, आणि आमच्या बीडमध्ये ४३.७. दोन्ही जिल्हे तुम्हाला मजूर पुरवणारे. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. म्हणजे आधी जन्माला येऊ द्यायचं नाही, आणि आली तर शाळेच्या बाकावर टिकू द्यायचं नाही.

पुढचा हिशेबही याच रांगेतला आहे. पंधरा-सोळाला लग्न, विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणं, तेही हंगामाच्या मध्येच. बाळंतीण पंधरा दिवसांत पुन्हा फडात. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात. अंगावरून जातं, कंबर धरते, आणि कुणीतरी डॉक्टर सांगतो की पिशवी काढून टाका, कटकट जाईल. २०१९ मध्ये यावर ओरड झाली, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्या वेळी सगळ्यांनी डॉक्टरांकडे बोट दाखवलं, आणि ते बरोबरच होतं. पण त्या बायका त्या खुर्चीपर्यंत इतक्या तरुणपणी का पोहोचल्या, याचं उत्तर माझ्या दुकानातल्या त्या मसुद्यात आहे. वय सज्ञान.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. चांगलं झालं, त्यासाठी संप करावा लागला तरी. पण त्या वाटाघाटींच्या ज्या बातम्या मी वाचल्या त्यात दर होता, मुकादमाचं कमिशन होतं, बायकांच्या नावानं वेगळा पैसा नव्हता. दर वाढला, कोयता तोच राहिला. अक्कानं सोळा-सतरा तास काम केलं तरी तिच्या नावावर एक रुपया जमा होत नाही. मग तिच्या पोरीच्या शाळेचं कोण ठरवणार? ज्याच्या हातात उचल, तोच.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे. गावात ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, १०९८ वर फोन करता येतो. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, आणि त्यासाठी टनामागे ठरावीक रक्कम तुमच्याकडून घ्यायची असं धोरण आहे. २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेला मंजुरी मिळाली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, निम्मी मुलींची. जिथं सुरू झाली तिथं मुली राहतात आणि शिकतात, हे मी पाहिलं आहे. गावोगावी हंगामी वसतिगृहंही निघतात. त्यातली गंमत अशी की नाव वसतिगृह, पण बऱ्याच ठिकाणी दोन वेळचं जेवण शाळेत मिळतं आणि रात्री झोपायला मुलगी आपल्या कुलूपबंद घरी. राखण हवी ती रात्रीची, आणि तीच नेमकी नाही. शिवाय अनेक गावांत टोळ्या हलून गेल्यावर ती सुरू होतात. आईबाप निघताना पोर सोडायला जागा नसेल तर पोर त्यांच्याबरोबर जाणारच. ग्रामसेवकाचं म्हणाल तर त्याला त्याच गावात राहायचं असतं. तो लग्नाच्या मांडवात येतो, आहेर करतो, जेवतो.

'लेक लाडकी' योजनेचा फलक माझ्या दुकानासमोरच लागला आहे. पिवळ्या-केशरी कार्डावरच्या मुलीला टप्प्याटप्प्यानं १ लाख १ हजार रुपये. योजना १ एप्रिल २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी. त्यातली सर्वांत थोरली मुलगी २०४१ मध्ये अठराची होईल. माझी भाची आत्ता बारा वर्षांची आहे.

कायदा, योजना, महामंडळ, या सगळ्यांची अडचण एकच आहे. ती माणसं घटना घडून गेल्यावर येतात. घडण्याच्या आधी, नेमक्या त्या दिवशी, त्या जोडप्यासमोर पैसे घेऊन फक्त एकच जण बसलेला असतो, तो म्हणजे तुमचा माणूस. म्हणून तुम्हाला लिहिते आहे, महिला-बालविकास मंत्र्यांना नाही.

माझ्या मागण्या अशा:

१. ऊसतोडणीच्या प्रत्येक करारात नवरा आणि बायको दोघांची जन्मतारीख लिहिली जावी आणि तिचा पुरावा जोडला जावा. आधारवरची तारीख चालणार नाही असं मी म्हणत नाही, पण ती कशी बदलून मिळते हे आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारू नका. शाळा सोडल्याचा दाखला किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. बहुतेक मुली आता शाळेत गेलेल्या असतात, तो मिळतो. मुलगी अठराच्या आत किंवा मुलगा एकवीसच्या आत असेल तर जोडी म्हणून करार नाही, उचलही नाही. मुलगा अठरा पूर्ण असेल तर त्याला एकट्याला काम द्या.

ज्यांची लग्नं आधीच झाली आहेत त्यांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचाराल आणि तो रास्त आहे. सतरा वर्षांच्या मुलीला कारखान्याच्या दारातून हाकलून दिलं तर तिचे हाल वाढतील. म्हणून तिच्यावर किंवा घरच्यांवर पोलीस सोडा असं मी मागत नाही. तिला फडात कामाला लावू नका, तिची माहिती बालकल्याण समितीला कळवा, आणि तिच्या वाट्याची उचल नवऱ्याच्या डोक्यावर चढवू नका.

२. कोयता फोडा. बाईची मजुरी बाईच्या खात्यात, गड्याची गड्याच्या. उचलही दोघांची वेगळी, ज्याची त्याच्या सहीनं. एकट्या गड्याला टोळीत पूर्ण माणूस म्हणून जागा मिळाली तर "कोयत्यासाठी बायको" हा हिशेबच मोडेल. ही मागणी तुम्हाला सर्वांत जड जाईल याची मला कल्पना आहे, कारण तोडणीची सगळी वाटणी जोडीवर बसवलेली आहे. पण ऊसवाहतुकीचे पैसे तुम्ही वाहनवार वेगळे देताच ना?

३. टोळी उतरली की आठ दिवसांत चिटबॉयनं तळावरच्या सगळ्या लेकरांची यादी करावी. नाव, वय, गावची शाळा, शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतरात दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं कार्ड, आहे का. ती यादी जवळच्या जिल्हा परिषद शाळेला आणि अंगणवाडीला द्यावी. पूर्वी मजुरांच्या लेकरांसाठी कारखान्याजवळ साखरशाळा असायच्या. शिक्षण हक्क कायदा आल्यावर "मुलं नियमित शाळेत जातील" म्हणून त्यातल्या बऱ्याच बंद पडल्या. नियमित शाळा तळापासून लांब असते, बैलगाडीवाल्याचं पोर तिथं कोण नेऊन सोडणार? कारखान्याची एक गाडी सकाळी आणि संध्याकाळी फिरली तर होतं. धाकट्यांसाठी तळावर पाळणाघर उभं राहिलं तर थोरलीला घरी थांबावं लागणार नाही. कित्येक मुली त्या एका कारणानं शाळेत जात नाहीत.

४. तळावर दिवा, पाणी, बंदिस्त न्हाणीघर आणि संडास. याला वेगळं स्पष्टीकरण लागू नये.

५. मा. साखर आयुक्तांना वेगळी विनंती. वरची पहिली आणि तिसरी मागणी एका कारखान्यानं मानली तर मुकादम टोळी घेऊन शेजारच्या कारखान्याकडे जाईल, हे मला समजतं. म्हणून ती सगळ्यांना एकदम लागू व्हायला हवी, आणि ते तुमच्या हातात आहे. गाळप परवाना तुमच्या सहीनं निघतो. शेतकऱ्याची एफआरपी चौदा दिवसांत दिली नाही तर तुम्ही आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचा आदेश, काढता, गोदामातली साखर जप्त होते. शेतकऱ्याच्या पैशासाठी हे करता येतं तर परवान्याच्या अटींत "तोडणी करारात वयाचा पुरावा" ही एक ओळ घालायला कोणता नवा कायदा लागतो? हंगामाचं धोरण ठरवणाऱ्या मंत्री समितीपुढेही हा विषय तुम्हीच ठेवू शकता. आणि वसतिगृहं दसऱ्याच्या आधी उघडावीत, रात्रीच्या मुक्कामासह, हे समाजकल्याण आणि शिक्षण खात्याला तुमच्या कार्यालयातून कळवलं गेलं तर आमच्या अर्जापेक्षा त्याला जास्त वजन राहील.

हे केल्यानं बालविवाह संपतील असा माझा दावा नाही. काही जण खोटे दाखले आणतील, काही कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातील, काही लग्न लावून ते लपवतील. पण आज लग्न लावलं की लगेच पैसे मिळतात. ते मिळायचे बंद झाले तर निदान काही घरांत "अजून दोन वर्षं थांबू" हे वाक्य बोललं जाईल. मी या घरांतली आहे. घाई कशासाठी असते ते मला माहीत आहे.

नवा मसुदा मी करून ठेवला आहे. जुन्या फाइलमधली "वय सज्ञान" काढून त्या जागी हे घातलं आहे:

"लिहून देणार क्र. १ यांची जन्मतारीख ______, लिहून देणार क्र. २ यांची जन्मतारीख ______. दोन्हींच्या शाळेच्या दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे. लिहून घेणार यांनी ती स्वतः पाहिली आहे. दोघांच्या मजुरीची व उचलीची रक्कम ज्याच्या त्याच्या बँक खात्यात जमा करण्यात येईल."

मी हे एकटीनं वापरायला लागले तर मुकादम समोरच्या दुकानात जातील, तिथं जुनी फाइल आहे. तुमच्यापैकी एका कारखान्यानं जरी आपल्या शेतकी विभागाला लेखी कळवलं की करार याच नमुन्यात घ्या, तर समोरचं दुकानही तोच नमुना मागायला माझ्याकडे येईल. फाइल फुकट देईन. टोळ्या दसऱ्यानंतर हलतात, त्यामुळे कळवायचं असेल तर त्याच्या आत कळवा.

आपली,
ऊसतोड कामगाराची मुलगी आणि बहीण
जि. बीड